एकलकोंडे सगळे सारखे नसतात

‘जो कुणात मिसळत नाही, त्याला माणसं नकोच असतात’ हा समज घराघरांत आहे, आणि तो चुकीचा आहे. माणसांपासून कायम लांब राहण्यामागे दोन अगदी वेगळे व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे स्वभावातच खोल मुरलेले त्रास, असू शकतात: स्किझॉइड आणि अव्हॉयडंट.

अव्हॉयडंट विकारात माणसं हवी असतात, फार हवी असतात. पण आपण कमी आहोत, लोक हसतील, नाकारतील ही भीती इतकी खोल असते की लग्नाचं आमंत्रण, बढती, समोरून आलेली मैत्री, सगळंच टाळलं जातं. मग आपण काय बोललो, कसे दिसलो, हे आठवत जीव पोखरत राहतो. अशा माणसाला ‘शिष्ट’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

स्किझॉइड विकारात ती ओढच फारशी नसते. कौतुक झालं काय, टीका झाली काय, फारसा फरक पडत नाही. नाव सारखं वाटलं तरी हा भास-भ्रम होणारा स्किझोफ्रेनियाही नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली डीएसएम-३ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत अव्हॉयडंटला स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली.

उपचारांत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. भीती असलेल्याला मानसोपचारांतून, लहानसहान प्रसंगांपासून सुरुवात करत, हळूहळू धीर देता येतो. ओढच नसलेल्याला समारंभात ढकलून काही साधत नाही. निदान मात्र तज्ज्ञांनीच करावं. नुसता लाजाळूपणा हा विकार नसतो. सरकारी ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.