गॉल्जी संकुल

गॉल्जी संकुल : दृश्यकेंद्रकी (पटलाने वेढलेले केंद्रक असलेल्या) पेशीतील एक पटलयुक्त अंगक, म्हणजे विशिष्ट काम करणारा पेशीचा भाग. एकावर एक रचलेल्या चपट्या कोशिका (पटलाच्या पिशव्या) आणि त्यांच्या कडांशी असलेल्या नलिका व पुटिका (पटलाच्या बारीक गोल पिशव्या) मिळून ते बनते. ‘गॉल्जी पिंड’ हे नावही रूढ आहे. आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील पटलांच्या जाळ्यात) तयार झालेली प्रथिने येथे येतात, त्यांत रासायनिक बदल होतात आणि पुढे ती पेशीबाहेर, पेशीपटलाकडे किंवा पेशीत पचनाचे काम करणाऱ्या लयकारिकांकडे जातात. जीवाणूंत हे अंगक नसते.

शोध व वाद : शोधाचे वर्ष सामान्यतः १८९८ मानतात. त्या वर्षी कामिल्लो गॉल्जी (१८४३–१९२६) यांनी इटलीतील पाव्हिया येथे गव्हाणी घुबडाच्या अनुमस्तिष्कातील (लहान मेंदूतील) पुर्किंये पेशींत, म्हणजे मोठ्या चेतापेशींत, दिसलेल्या ‘आंतरिक जालरूप यंत्रणे’चे वर्णन सादर केले. मेरुरज्जूलगतच्या गुच्छिकांतील (चेतापेशींच्या पुंजांतील) पेशींत मात्र ही रचना त्यांना १८९७ च्या सुमारासच दिसली असावी.

निरीक्षणाची पद्धत त्यांनीच १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘काळ्या अभिक्रिये’वर आधारलेली होती. ऊतक पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवून नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवले की काही थोड्या पेशींत काळा साका बसतो. पार्श्वभूमी पिवळसर राहते. या अभिक्रियेत फेरफार करून गॉल्जी यांनी केंद्रकाभोवतीचे बारीक काळे जाळे मिळवले. पण साका नेमक्या कोणत्या पेशीत बसेल याचा भरवसा नसे.

जिवंत पेशीत प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली हे जाळे सहसा दिसत नसे. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे प्रमाण) सभोवतालच्या पेशीद्रव्याच्या जवळपास असतो. शिवाय या सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता, म्हणजे वेगळे ओळखता येणारे किमान अंतर, सुमारे २०० नॅनोमीटर. एकेका कोशिकेची जाडी त्याहून पुष्कळच कमी. त्यामुळे रंजनासाठी वापरलेली चांदी किंवा ऑस्मियम हा धातू साचून निर्माण झालेला हा निव्वळ आभास आहे, असे अनेकांचे मत झाले. १९२०–३० च्या दशकांत मॉरिस पारा या शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीतील रिक्तिका (द्रवाने भरलेल्या पोकळ्या) खऱ्या व जाळे कृत्रिम, अशी मांडणी केली. १९४९ मध्ये पालाडे व क्लोड या पेशीवैज्ञानिकांनीही आभासाचाच पक्ष घेतला. उपलब्ध साधने पाहता ही शंका रास्तच होती. मात्र स्रावी पेशींत हे जाळे आणि स्रावाचे थेंब सातत्याने एकाच जागी आढळतात, ही नासोनोव यांनी १९२३ मध्ये पुढे आणलेली बाब केवळ आभास मानून उलगडत नव्हती. तिला तेव्हा मिळायला हवे होते तितके महत्त्व मिळाले नाही.

१९५४ मध्ये डाल्टन व फेलिक्स यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रांत कोशिकांची थप्पी स्पष्ट दिसली व वाद बहुतांशी मिटला. पुढे १९६० च्या दशकात स्रावी प्रथिनांचा गॉल्जी संकुलातून जाणारा मार्ग उलगडला तो जेमीसन व स्वतः पालाडे यांनी.

रचना : थप्पीत बहुधा चार ते आठ कोशिका असतात. आंतर्द्रव्यजालिकेकडील बाजूने प्रथिने आत येतात, विरुद्ध बाजूने बाहेर पडतात. सस्तन प्राण्यांच्या पेशीत थप्प्या जोडल्या जाऊन केंद्रकाजवळ फितीसारखी रचना होते. वनस्पतिपेशीत त्या विखुरलेल्या असतात. बेकरीच्या यीस्टमध्ये कोशिका सुट्याच असतात.

कार्य : प्रथिनांवरील शर्करा-साखळ्यांची काटछाट व भर हे मुख्य काम. लयकारिकांच्या विकरांना (अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) येथे मॅनोज-६-फॉस्फेट या शर्करायुक्त गटाची खूण मिळते. ती न मिळाल्यास विकरे पेशीबाहेर झिरपतात व आय-सेल नावाचा आनुवंशिक विकार उद्‌भवतो. वनस्पतींत पेशीभित्तिकेतील पेक्टिन येथेच बनते.

प्रथिने थप्पी कशी ओलांडतात याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार कोशिका स्थिर असतात व पुटिका माल वाहतात. दुसऱ्यानुसार कोशिकाच परिपक्व होत पुढे सरकतात. सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचे प्रोकोलॅजन हे प्रथिन ५० ते १०० नॅनोमीटरच्या पुटिकेत मावत नाही, तरीही थप्पी पार करते, असे १९९८ मध्ये दिसून आले. २००६ मध्ये दोन गटांनी जिवंत यीस्टमध्ये एकाच कोशिकेतील चिन्हित प्रथिने कालांतराने बदलताना पाहिली. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पुटिका मात्र त्यातही लागतात, गॉल्जीची स्वतःची विकरे मागे आणण्यासाठी.