यान धडकलं की नाही, हे ठरवायचं कसं?

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी सोलापुरात बाहेर पडायची सोय नसते. अशा वेळी जुळे सोलापुरातल्या एका घरी पाच-सहा पोरं टेबलावर अवकाशयुद्ध खेळतात. अवकाश म्हणजे कुणाच्या तरी कारखान्यातून आणलेला लांबलचक काळा टर्किश टॉवेल. कोपर लागलं तरी यानं त्यावरून घसरत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. प्रत्येकानं आपल्या यानाची चाल चिठ्ठीवर गुपचूप लिहायची, सगळ्यांनी एकदम उघडायची, पट्टीनं मोजून यानं सरकवायची आणि मग गोळीबार. भांडणं मात्र गोळीबारावरून होत नाहीत. ती होतात "धडकलं की बे!" आणि "कुठं धडकलं बे?" यावरून.

आधी चालीचं बघू. या खेळांत दोन पंथ आहेत. पहिल्यात यानाचं नाक वळलं की वाटही वळते. 'फुल थ्रस्ट' या ब्रिटिश खेळाच्या मूळ नियमांत वळण दोन हप्त्यांत घेतात, अर्धं चालीच्या सुरुवातीला आणि अर्धं मध्यावर, म्हणून वाट गोलसर दिसते. दिसायला झकास, पण हे विज्ञान विमानाचं आहे. विमान वळतं, कारण पंखांना रेटायला हवा असते. अवकाशात रेटायला काही नाही.

दुसरा पंथ न्यूटनचा. १९७३च्या 'ट्रायप्लॅनेटरी' या अमेरिकन खेळात यानाची मागची चाल नकाशावर बाणानं काढतात. पुढच्या खेपेला तोच बाण, तेवढाच लांब, त्याच दिशेला पुन्हा काढायचा. इंधन जाळलं तर फक्त त्याचं टोक एक घर सरकतं. कॅरमचा स्ट्रायकर आपोआप थांबतो तो घर्षणामुळं. पावडर टाकली की तो जरा लांब जातो, आणि अवकाश म्हणजे कधीच न सरणारी पावडर.

आकडे घालून बघा. यान पूर्वेला दर चालीत १० सेंटीमीटर जातंय. तुम्ही नाक उत्तरेला वळवून ४ सेंटीमीटरचा जोर लावलात. यान उत्तरेला वळत नाही. १० पूर्वेला आणि ४ उत्तरेला असं तिरकं जातं, नाक उत्तरेकडंच ठेवून. नवख्या खेळाडूला हे पटतच नाही. त्याहून वाईट म्हणजे थांबणं. वेग २० आणि जोर ४ असेल, तर उलटा जोर लावूनही यान १६, १२, ८, ४ असं आणखी ४० सेंटीमीटर पुढं जाऊन मगच थांबतं. तोवर टेबल संपलेलं असतं. मला हाच पंथ आवडतो, जरी त्यात निम्मा वेळ बेरीज-वजाबाकीत जात असला तरी.

आता धडक. समजा 'अ' यान पूर्वेला चालीला १२ सेंटीमीटर आणि 'ब' उत्तरेला ९ सेंटीमीटर जातंय. दोघांच्या वाटा एका ठिकाणी छेदतात. ते ठिकाण 'अ'पासून ८ आणि 'ब'पासून ३ सेंटीमीटरवर आहे. म्हणजे 'ब' तिथं चालीच्या एक तृतीयांश वेळात पोचतं आणि 'अ' दोन तृतीयांश वेळात. वाटा छेदल्या, पण एकाच वेळी तिथं दोघंही नव्हती. हिशोब केला, तर दोघं सर्वांत जवळ येतात तेव्हाही त्यांच्या मध्यबिंदूंमध्ये २.४ सेंटीमीटर अंतर उरतं. पण यानं ज्या गोल बैठकीवर उभी असतात ती ४ सेंटीमीटर रुंद असेल, तर बैठका एकमेकींवर चढणार! दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबरच असतात.

माझं मत विचाराल तर बैठकीकडं दुर्लक्ष करा. टेबलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे हजार किलोमीटर धरला, तर २.४ सेंटीमीटर म्हणजे २४०० किलोमीटरचं अंतर. एवढ्याला धडक म्हणत नाहीत. त्या प्रमाणात खरं यान धुळीच्या कणाहूनही लहान दिसेल. आपल्या हातातलं मॉडेल हा नुसता झेंडा आहे. म्हणून मोजमाप नेहमी बैठकीच्या मध्यावरल्या दांडीपासून करावं.

'एक्स-विंग' या यानांच्या लढाईच्या खेळानं २०१२ साली अगदी उलटी वाट धरली. तिथं बैठक दुसऱ्यावर चढली, की यान आलेल्या वाटेनं जागा मिळेपर्यंत मागं सरकवायचं. पहिल्या आवृत्तीत त्याची पुढची कृती जायची आणि चिकटलेल्या यानावर गोळी झाडता यायची नाही. मग खेळाडू मुद्दाम शत्रूच्या वाटेत आपलं यान आडवं घालू लागले. विज्ञान म्हणून शून्य, डाव म्हणून फक्कड.

खऱ्या अवकाशात मागं सरकायची सवलत नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर इरिडियम-३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह आपटले. सापेक्ष वेग होता सेकंदाला ११.७ किलोमीटर. या वेगाला एका किलो वस्तूत सुमारे १६ किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा असते. दोन्ही उपग्रहांचे माग काढता येतील असे दोन हजारांवर तुकडे झाले.

गंमत म्हणजे डॉकिंग, म्हणजे अवकाशात दोन यानं एकमेकांना जोडणं, हीसुद्धा एक धडकच, फक्त ठरवून केलेली. १६ जानेवारी २०२५ला इस्रोनं स्पेडेक्स या मोहिमेतले दोन उपग्रह जोडले. दोघंही पृथ्वीभोवती सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास धावत होते, पण एकमेकांकडं येण्याचा वेग सेकंदाला सेंटीमीटरभर ठेवायचा होता. टेबलावरही हेच करावं लागतं: एकाच जागी पोचून भागत नाही, दोघांचे बाणही दिशेला आणि लांबीला सारखे लागतात. हे साधणं गोळीबारापेक्षा कितीतरी अवघड आहे.

खेळून बघायचं तर मॉडेल विकत घ्यायची गरज नाही. आलेखाची वही, दोन रंगांचे पेन आणि दोन जण पुरेत. दर चालीला मागचाच बाण काढायचा आणि त्याचं टोक हवं तर आडवं, उभं किंवा तिरपं एक घर सरकवायचं. पहिल्या डावात वेग सहा घरांच्या वर नेऊ नका, पान पुरत नाही.