प्रबलन

प्रबलन ही वर्तनवादी मानसशास्त्रातील, म्हणजे दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करणाऱ्या शाखेतील, अध्ययनविषयक मध्यवर्ती संकल्पना आहे. कृतीपाठोपाठ जे घडते त्यामुळे ती कृती पुढे अधिक वेळा होऊ लागली, तर त्या परिणामाला प्रबलक म्हणतात. बक्षीस आणि प्रबलक एकच नव्हेत. खाऊ देऊनही मुलाचा अभ्यास वाढला नाही, तर तो खाऊ प्रबलक ठरत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून पाहिले. दोरी ओढली की दार उघडे. मांजरांची निरर्थक धडपड हळूहळू गळत गेली आणि सुटकेला लागणारा वेळ घटला. यातून त्यांचा ‘परिणामाचा नियम’ आला: ज्या कृतीचे फळ सुखद, ती पुन्हा होते. बी. एफ. स्किनर यांनी तरफ दाबणाऱ्या उंदरांवरील प्रयोगांतून १९३८ मध्ये त्याला ‘साधक अभिसंधाना’चे, म्हणजे परिणामांतून वर्तन घडण्याच्या सिद्धान्ताचे, रूप दिले.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, हा घोटाळा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हमखास सापडतो. मोटारीत पट्टा लावताच कर्कश पिपाणी थांबते, म्हणून आपण पट्टा लावतो. नकोसे काही टळल्याने वर्तन वाढले, हे ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन घटते, पण ते पुसले जातेच असे नाही. स्किनर यांच्या एका प्रयोगात अन्न देणे बंद केल्यावर काही उंदरांच्या पंजावर तरफ दाबताच फटका बसे. त्यांचे दाबणे तात्पुरते मंदावले. पण अन्न बंदच असताना अखेरीस त्यांनी फटका न खाल्लेल्यांइतक्याच वेळा तरफ दाबली.

सर्वांत महत्त्वाचा शोध टंचाईतून लागला. अन्नाच्या गोळ्या स्किनर स्वतःच तयार करत. एका शनिवारी साठा पुरणार नाही असे दिसताच त्यांनी दर दाबण्याला गोळी देण्याऐवजी मिनिटाला एकच देणे सुरू केले. उंदीर थांबले नाहीत. पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्यासह त्यांनी १९५७ मध्ये फळ केव्हा व किती वेळा द्यायचे याच्या अशा वेळापत्रकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. अधूनमधून फळ मिळालेले वर्तन, फळ बंद झाल्यावरही चिवटपणे टिकते. जुगारी उठत नाही तो यामुळेच. दहादा नकार देऊन अकराव्यांदा मोबाइल हाती देणारे पालकही, नकळत, हट्टच पक्का करतात.

मात्र प्रबलनाने सगळेच उलगडत नाही. टोलमन व हॉन्झिक यांच्या १९३० च्या प्रयोगात दहा दिवस काहीच न मिळालेल्या उंदरांनी, अकराव्या दिवशी अन्न मिळताच, चक्रव्यूहातील चुका झपाट्याने कमी केल्या. वाट त्यांना आधीच ठाऊक झाली होती. स्किनर यांचेच विद्यार्थी ब्रेलंड दांपत्य यांनी १९६१ मध्ये दुसरी अडचण नोंदवली. नाणी डब्यात टाकल्यावर खाणे मिळत असूनही रकून हे छोटे सस्तन प्राणी ती टाकेनात. अन्न धुवावे तशी ती एकमेकांवर घासत बसले.