वर्क स्टॉपर (मिलिंग व्हाइसचा)

मिलिंग मशीनच्या व्हाइसमध्ये (पकडीत) सारखे जॉब (घडवायचे तुकडे) एकामागून एक बांधताना प्रत्येकाची कड नेमकी त्याच जागी यावी म्हणून लावलेला टेकू म्हणजे वर्क स्टॉपर. जॉबची पाठ स्थिर जॉला (व्हाइसच्या न हलणाऱ्या जबड्याला) टेकते, तळ पॅरललवर (समांतर बाजूंच्या पट्ट्यांवर) बसतो. मोकळी राहते ती फक्त जॉच्या लांबीच्या दिशेची सरक. स्टॉपर ती अडवतो, त्यामुळे पहिल्या जॉबवर एज फाइंडरने (कड शोधणाऱ्या साधनाने) घेतलेला शून्य (मोजणीचा आरंभबिंदू) पुढच्या सगळ्यांना चालतो.

घडण साधी आहे: बोल्टने पक्का केलेला पोलादी ठोकळा आणि त्यात मागेपुढे सरकणारी गोल दांडी. ठोकळा स्थिर जॉलाच बसवावा. कारण सरकता जॉ आवळताना किंचित उचलला जातो. ठोकळ्यात दांडीच्या भोकासाठी आधी ड्रिल, मग रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) आणि शेवटी दांडी आवळता यावी म्हणून स्लिटिंग सॉने (पातळ चकतीच्या करवतीने) फट. फट आधी कापली तर रीमर तिच्याकडे ओढला जातो आणि भोक गोल राहत नाही. फट आवळणाऱ्या ॲलन बोल्टसाठी आटे एकाच बाजूला पाडायचे, दुसरीकडे मोकळे भोक. दोन्हीकडे आटे पडले तर बोल्ट कितीही पिळा, दांडी सैलच राहते. नवशिक्यांचा ठोकळा बहुधा इथेच वाया जातो.

दांडी जाड आणि बाहेर कमीत कमी हवी. बाहेरची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाने ती 8 पट लवते. उलट व्यास 10 मिमीऐवजी 12 मिमी केला तर लवणे जवळपास निम्म्यावर येते. टोक गोलसर घासून कठीण करावे. सपाट टोकाखाली छिलका अडकतो आणि माप हलते. गोल टोक एकाच बिंदूवर टेकते. तो बिंदू जॉबच्या कडेवरच्या बरपासून (कापताना राहिलेल्या धारदार कंगोऱ्यापासून) दूर आणि कटरच्या वाटेबाहेर ठेवावा.

जॉब टेकवायचा तो हलक्या बोटाने. जोराने रेटल्यास दांडी लवते आणि स्टॉपर असूनही जागा चुकते. खात्रीसाठी एकच जॉब पाचसहा वेळा काढून पुन्हा बांधावा आणि दर वेळी त्याच्या मोकळ्या टोकावर डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) लावून पाहावा. तुकड्यांच्या लांबीत फरक असेल तर तो सगळा याच मोकळ्या टोकाला जातो. म्हणून स्टॉपरला टेकणारी बाजू आधी मिल करून घेतात. करवतीने कापलेली खडबडीत बाजू तशीच टेकवत नाहीत.