चंद्र की पिवळा सिग्नल?

2021 मध्ये एक व्हिडिओ बराच फिरला. टेस्लाची गाडी आभाळात खाली टेकलेल्या पिवळसर चंद्राला सिग्नल समजत होती. हसू येतं खरं, पण स्वयंचलित गाड्यांमधला मोठा वाद नेमका इथेच आहे. रस्ता जागेवर बघून समजून घ्यायचा, की आधीच पाठ करून निघायचं?

टेस्लाचा भर बघण्यावर. त्याच वर्षी तिने रडारही काढायला सुरुवात केली आणि सगळा भार कॅमेऱ्यांवर टाकला. पण कॅमेऱ्याच्या चित्रात अंतर नसतं, ते ताडावं लागतं. गाडी पुढे जाताना जवळचं झाड झर्रकन मागे पडतं, लांबचा डोंगर जागचा हलत नाही. चंद्रही हलत नाही आणि सरळ रस्त्यावर खूप पुढे असलेला सिग्नलही फारसा हलत नाही. मग गाडीने फरक करायचा कशावरून?

वेमो या गूगलच्या भावंड कंपनीची विनाचालक गाडी तिथे नकाशाला विचारते. हा नकाशा वाट दाखवणारा नव्हे. रस्त्याच्या कडा, पट्टे, सिग्नल किती उंचीवर आहे, तो कुठल्या लेनसाठी आहे, हे सगळं त्यात आधीच नोंदलेलं असतं. मात्र त्याचा उपयोग व्हायला आपण नेमके कुठे आहोत हे कळायला हवं आणि जीपीएस काही मीटर सहज चुकतो. लेनची रुंदीच साधारण साडेतीन मीटर! म्हणून गाडीवरचा लायडार हा सेन्सर लेझरचे स्पंद सोडून ते परत यायला लागलेला वेळ मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो, यावरून मोजमाप किती बारीक लागतं ते लक्षात यावं. या मोजमापांतून उभा राहिलेला आकार नकाशाशी जुळवला की गाडीची जागा काही सेंटिमीटरपर्यंत पक्की होते. मग सिग्नल कुठे शोधायचा ते नकाशा सांगतो. लाल की हिरवा, हे मात्र कॅमेराच सांगणार. लायडारला दिव्याचा रंग कळत नाही.

नकाशाची अडचण उघड आहे: तो शिळा होतो. रात्रीत खोदकाम सुरू झालं, लेन वळवली, की पाठांतर निकामी. तेव्हा वेमोलाही समोर दिसतं त्यावरच विसंबावं लागतं. उलट वाट ठरवायला टेस्लालाही साधा नकाशा लागतोच. त्यामुळे ‘कॅमेरा विरुद्ध नकाशा’ ही लढाई मला जरा फुगवलेली वाटते. खरा प्रश्न नकाशा ताजा कोण ठेवणार, हा आहे. गाड्यांसाठी कॅमेरा-यंत्रणा बनवणारी मोबिलआय ही कंपनी हे काम ग्राहकांच्याच गाड्यांकडून करून घेते. त्यांचे कॅमेरे पूर्ण चित्रं पाठवत नाहीत, फक्त रस्त्याचा गोषवारा पाठवतात: किलोमीटरमागे सुमारे 10 किलोबाइट.