कानात सांगितलेलं उत्तर

मूल टॅबवर गणितं सोडवताना कुठेतरी अडतं आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला राहवत नाही. तो हळूच उत्तर सांगून टाकतो. यात मुलाच्याही आधी फसतं ते सॉफ्टवेअर.

मुलाच्या तयारीनुसार पुढचं गणित निवडणाऱ्या सॉफ्टवेअरला मुलाचा चेहरा दिसत नाही, वहीही दिसत नाही. उत्तरांवरून ते फक्त अंदाज बांधतं. कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी १९९०च्या दशकात मांडलेली अंदाजाची एक पद्धत बरीच प्रसिद्ध आहे. समजा, हातच्याची वजाबाकी मुलाला येत असण्याची शक्यता ४० टक्के धरली. येत नसताना ठोकून दिलेलं उत्तर बरोबर निघण्याची २० टक्के, येत असून चुकण्याची १० टक्के. आता एक उत्तर बरोबर आलं की अंदाज थेट ७५ टक्क्यांवर उडी मारतो. दुसऱ्या बरोबर उत्तराला ९३, तिसऱ्याला ९८. (सरावाने मूल शिकतं, तो भाग इथे सोपेपणासाठी सोडला आहे.) अशा पद्धतीत ९५ टक्क्यांच्या पुढे ‘आलं’ असं धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे तीनदा कुजबुजलं, की न आलेली वजाबाकी मागे पडते आणि तिच्याच आधारावर उभा असलेला भागाकार समोर येतो!

मुलंही काही कमी नसतात. न वाचता एकामागून एक पर्याय दाबायचे, किंवा ‘मदत’ दाबत दाबत शेवटच्या सूचनेत उत्तर गाठायचं. संशोधक रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की वारंवार असं करणारी मुलं त्यांच्यासारख्याच इतर मुलांच्या दोन तृतीयांश इतकंच शिकली.

मग मोठ्यांनी करायचं काय? वही-पेन्सिल जवळ ठेवावी, ‘हे कसं काढलंस?’ असं विचारावं आणि चुकू द्यावं. चुकलेलं उत्तर ही सॉफ्टवेअरसाठी खरी माहिती असते. एक मदत मात्र मी बिनदिक्कत करेन: लहान मुलाला शाब्दिक उदाहरण वाचून दाखवणं. अक्षरं लावताना दमलेलं मूल चुकलं, तर यंत्र ते गणिताच्या खात्यात मांडतं. सॉफ्टवेअर देतं त्या अहवालातही मी गुणांआधी दोन आकडे बघतो, प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ आणि घेतलेल्या सूचना. लांबलचक प्रश्नाला दोन सेकंदांत उत्तर आलं असेल, तर तो प्रश्न वाचलाच गेलेला नाही.