सकाळचा कापूस भारीच भरते!

वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे धुऱ्यावर काटा टांगतात. मजुरी किलोवर. सकाळच्या कापसात दव असतं, म्हणून गाठोडं जड भरतं. ‘सकाळचा कापूस भारीच भरते, दव हाये ना त्यात!’ हे बायांना सांगावं लागत नाही. संगणकाला मात्र सांगावं लागतं.

पेशीत कोणतं जनुक किती जोरात चालू आहे, हे त्याच्या आरएनए प्रती मोजून कळतं. माणसात प्रथिनांची जनुकं सुमारे २० हजार, म्हणजे एका नमुन्यामागे तेवढे आकडे. ज्या दोन नमुन्यांचे आकडे सर्वांत जवळचे त्यांची संगणक आधी जोडी लावतो, मग जोड्यांच्या जोड्या, अशी वंशावळच मांडतो. जवळ का आले, हे तो विचारत नाही. एकाच दिवशी, एकाच हाताखालून, रसायनाच्या एकाच बाटलीतून गेलेले नमुनेही एकसारखे दिसू लागतात. याला ‘बॅच इफेक्ट’ म्हणतात. मी दवच म्हणतो.

२०१४ साली माणूस आणि उंदीर यांच्या अवयवांची अशी तुलना छापून आली. अवयव अवयवाशी जुळायला हवे होते, जुळले प्राणी प्राण्याशी! पुढच्याच वर्षी योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान या दुसऱ्या संशोधकांनी मूळ फायली उकरल्या. कोणता नमुना कोणत्या यंत्रावर, कोणत्या फेरीत गेला, याची खूण त्यांतच होती. माणसाचे आणि उंदराचे बहुतेक नमुने वेगवेगळ्या फेऱ्यांत गेले होते. तो फरक गणिताने काढल्यावर अवयव बऱ्यापैकी अवयवांशी जुळले. मूळ संशोधकांनी तरी आपला निष्कर्ष सोडला नाही, आणि गोची तिथेच आहे. एकीचा कापूस फक्त सकाळी मोजला आणि दुसरीचा फक्त दुपारी, तर जास्त वेचलं कुणी? असा फरक गणिताने काढणारी ‘कॉम्बॅट’सारखी सूत्रं २००७पासून आहेत, पण इथे तीही हात टेकतात.

म्हणून खरं काम वावरातच. समजा, कोरडवाहू आणि ओलिताच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं तपासायची आहेत. सगळं कोरडवाहू सोमवारी आणि ओलित गुरुवारी उरकणं सोयीचं, पण तसं करायचं नाही. शिवाय पानातली कित्येक जनुकं घड्याळाप्रमाणे चढतात-उतरतात. सकाळी आठचं पान आणि दुपारी दोनचं पान सारखं नसतं. दोन्ही वावरांतली पानं एकाच वेळी तोडायची, बर्फाच्या प्रत्येक डब्यात निम्मी-निम्मी ठेवायची आणि पाकिटावर वावरासोबत वेळ आणि तोडणाऱ्याचं नावही लिहायचं. पेन्सिलनेच, शाई बर्फाच्या पाण्यात विरघळू शकते.